मंजिरी, आपल्या कॅसेटमध्ये आठ गाणी होती

मंजिरी,

परवा लखनौच्या महानगर भागात तुझ्या घरी जमलेल्या लोकांनी तुला गोड गळ्याची म्हटलं. एकदा नव्हे, तीनदा. मराठी मंडळातल्या एक काकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "गणपतीत काय गोड भजन म्हणायची हो पोरगी!" ते भजन तू सातवीत असताना म्हटलं होतंस, तेही आईने डोळे वटारल्यावर. त्यानंतर तुझ्या गळ्यातून जे निघालं त्याला गोड म्हणणारं माणूस मला भेटलेलं नाही. पत्रा कापताना होतो तसा आवाज होता तुझा. तो तसा व्हावा म्हणून तू मेहनत घेतली होतीस, आणि हॉलभर माणसं त्या मेहनतीवर साखर पेरत बसली होती.

मग ते सर बोलले. हो, तेच. सगळे सतरंजीवर होते, त्यांना मात्र तुझ्या बाबांनी आतून खुर्ची आणून दिली होती. "मंजरी हमारे कॉलेज की बड़ी विनम्र छात्रा थी," म्हणाले. या शहरात तुला कुणी मंजिरी म्हटलंच नाही, सगळ्यांची तू मंजरीच, ते सोड. पण विनम्र? अगं, हार घातलेल्या फोटोतसुद्धा तुझी हनुवटी वर होती.

मी उठले. मला खरंच वाटलं की आता मी बोलणार. बोलले नाही. बाहेर येऊन चपलांच्या ढिगात माझ्या चपला शोधत राहिले, सापडल्यावरही शोधत राहिले. तुझी आई दारापर्यंत आली. "वैशाली, चहा तरी घे," म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुझं शिक्षण, नोकरी, मूळ गाव सांगली, हे सगळं पेपरातल्या चौकटीत आलंय. आपण तिघांनी मिळून एक कॅसेट काढली होती हे त्यात नाही. 'संगीताची आवड' असे दोन शब्द आहेत. आवड म्हणे!

आपली ओळख कशी झाली ते तरी त्यांना कुठे माहीत आहे? गोमतीवर मंडळाचा गणपती विसर्जनाला निघाला होता आणि ठरवलेला वाजंत्री आलाच नाही. माझे पप्पा छावणीत फौजेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. मी लहानपणापासून त्यांच्याकडे शिकलेली, आधी उशीवर, मग ड्रमवर. पप्पांनी ड्रमचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "वाजव." मी वाजवत होते आणि तू बाजूने चालत आलीस. नाव नाही, गाव नाही. थेट विचारलंस, "इससे तेज़ बजा सकती हो?"

मी म्हटलं, "हो."

"और तेज़?"

मी इतकं जोरात वाजवलं की आरती म्हणणारे मागे राहिले. मंडळाचे सेक्रेटरी धावत आले. तू हसत होतीस. त्या आठवड्यात तू मला तुझ्या घरच्या गॅरेजमध्ये नेलंस. तिथे गाडी नव्हतीच कधी. तुझ्या पुण्याच्या मावसभावाने पाठवलेली, कुणाकडून तरी उतरवून घेतलेली एक कॅसेट तू मला ऐकवलीस. मला वाटलं, टेपरेकॉर्डर बिघडलाय. तू म्हणालीस, "इसको पंक कहते हैं. तीन सुर, बस. जिसको गाना नहीं आता वो भी गा सकता है, अगर ग़ुस्सा असली हो."

राग तर माझ्याकडेही होता. तेलीबागेतल्या आमच्या घरून महानगरात यायला मी दोन टेम्पो बदलायचे, मांडीवर ड्रम घेऊन. शेजारी बसणारा प्रत्येक पुरुष कोपर मारायचा. त्याचंच तू गाणं केलंस, 'टेंपो में कोहनी'. ते वाजवताना मी काठ्या मोडायचे. तू मला सांगायचीस, "परेडवर नाहीयेस तू. पप्पांसारखी नको वाजवूस, स्वतःसारखी वाजव." माझ्या आयुष्यात मला असं कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात सगळं पप्पांसारखंच करायचं असतं.

फैज़ान नंतर आला. जुन्या शहरातल्या चौक भागात राहणाऱ्या कातिबाचा, म्हणजे हस्तलेखन करणाऱ्याचा मुलगा, सुंदर अक्षराच्या घरातला, बास गिटार वाजवणारा आणि सगळ्यांना 'आप' म्हणणारा. आपण दोघी एरवी हिंदीत बोलायचो, पण भांडण निघालं की तू मराठीवर यायचीस, त्याला कळू नये म्हणून. तो कोपऱ्यात बसून तारा पुसायचा आणि म्हणायचा, "आप लोग पहले लड़ लीजिए." वर्षभरात त्याला मराठीतल्या सगळ्या शिव्या समजायला लागल्या होत्या. दिल्या मात्र त्याने एकही नाही.

बँडचं नाव 'खटारा' ठेवलं, कारण आपलं सगळं सामान खटारा होतं. तुझ्या गिटारला अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, म्हणून तू ती बाबांच्या जुन्या रेडिओला जोडलीस. त्या रेडिओला ते झेपायचं नाही, तो फाटक्या आवाजात किंचाळायचा आणि तेच तुला हवं असायचं. शेजारचे रिटायर्ड इंजिनिअर रोज पाच वाजता भिंतीपलीकडून ओरडायचे, "आवाज़ नीचे करो!" तू म्हणालीस, कॅसेटचं नाव ठरलं.

आणि मग ती बाराबंकीची मुलगी.

तुझ्याच वर्गातली, हॉस्टेलवर राहणारी. सरांनी तिला वही तपासायला म्हणून स्टाफरूममध्ये बोलावलं आणि दार लावलं. तिने प्रिन्सिपॉलकडे लेखी तक्रार केली. आठ दिवसांत तिचंच नाव कॉलेजातून कमी झालं. कारण दिलं, बेशिस्त. तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. हॉस्टेलच्या मुलींनी सांगितलं, रडत गेली. महिन्याभरात लग्न लावून दिल्याचं कळलं. सर तसेच शिकवत राहिले. तुझ्या वडिलांशी त्यांची ओळख होती, तुमच्या घरी त्यांचं येणं-जाणं होतं. एका रविवारी ते तुमच्या दिवाणखान्यात बसून पोहे खात होते आणि तू दारात उभी होतीस. तुझी आई म्हणाली, "सरांना पाणी दे." तू पाणी दिलंस. संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन तू ते गाणं एका दमात लिहिलंस.

'सर, आप बैठिए. हम खड़े हैं.'

एवढंच धृपद. बाकी कडव्यांमध्ये स्टाफरूम, दार, वही, बेशिस्त. आणि शेवटी ती मुलगी, रडत जाणारी. सरांचं नाव कुठे नव्हतं, पण त्यांचं ते "समझे कि नहीं?" होतं, जे ते प्रत्येक वाक्याला लावत. कॉलेजातलं शेंबडं पोरही ओळखू शकलं असतं.

मी म्हटलं होतं, "हे गाणं नको." आठवतं? पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. तू विचारलंस, "का?" भीती वाटते हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं, आणि तुला तो शब्द ऐकू येत नव्हता. आपलं सगळं भांडण तिथूनच सुरू झालं, कॅसेट यायच्या सहा महिने आधी.

विकास नगरात सक्सेना अंकलच्या घरी वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. देवीच्या जागरणाची भजनं आणि निवडणुकीच्या घोषणा रेकॉर्ड व्हायच्या तिथे. भिंतींना रजया ठोकलेल्या. कूलरचा आवाज टेपमध्ये येतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद. जूनचा महिना. तीन दिवस आपण त्या रजयांच्या खोलीत उकडून निघालो. दुपारी वीज जायची, आपण जिन्यात बसून खरबूज खायचो, वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. सक्सेना अंकल हळवे होऊन सारखे विचारायचे, "बेटा, आवाज़ में थोड़ा इको डाल दें? मीठी हो जाएगी."

"नहीं, अंकल."

"बस ज़रा-सा."

"अंकल, मीठी नहीं चाहिए."

परवा ते 'गोड गळा' ऐकताना मला अंकल आठवले. त्यांनी निदान तुला विचारलं तरी होतं.

'चहा घे, खाली बघ' हे आपलं एकमेव मराठी गाणं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांवरचं, जेमतेम सव्वा मिनिटाचं. ते तू एका झटक्यात गायलीस. अंकलना एक शब्द कळला नाही, तरी ते म्हणाले, "ये किसी को डाँट रही हो ना?" तू म्हणालीस, "अपनी पूरी बिरादरी को." हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मंजिरी, मी इतकी हसलेय त्या तीन दिवसांत. माझ्यावर रागव, पण हे खोटं होतं असं समजू नकोस.

तिसऱ्या दिवशी सरांचं गाणं. तुला धृपदाला खूप आवाज हवे होते आणि आपण तिघंच. तेवढ्यात अंकलच्या पत्नी जिना चढून आल्या, हाताला पीठ तसंच. "सुबह से ये क्या मचा रखा है?"

तू म्हणालीस, "आंटी, दो मिनट. आपको बस हमारे साथ चिल्लाना है."

"क्या चिल्लाना है?"

"सर, आप बैठिए, हम खड़े हैं."

आंटी पदर तोंडाला लावून हसल्या. पहिल्यांदा त्या इतक्या हळू बोलल्या की माइकला कळलंही नाही. मग तू त्यांना चार वाक्यांत सांगितलंस हे गाणं कशाबद्दल आहे. त्यांनी पदर कमरेला खोचला. आणि पुढच्या वेळी अशा ओरडल्या की अंकलनी कानावरचे हेडफोन काढून टाकले. ओरडून झाल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हमारे टाइम में भी एक थे." अंकल त्यांच्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे ऐकलेलं नसावं.

आंटी म्हणाल्या, "एक बार और."

तेच घेतलं आपण. तिसऱ्या वेळचं. अख्ख्या कॅसेटमधलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग. आणि तेच मी पुसायला लावलं.

कसं, ते तुला अर्धंच माहीत होतं. आता पूर्ण ऐक. तू कॉलेजच्या कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटलीस की गाणं येतंय. ते सरांपर्यंत गेलं, जाणारच होतं. सर छावणीतल्या एका साहेबांच्या मुलांना शिकवायला जायचे. एक दिवस साहेबांनी पप्पांना थांबवून विचारलं, "तुम्हारी बेटी गाना-वाना करती है, सुना है." बस. ना धमकी, ना आवाज चढलेला. पप्पांच्या बढतीचे कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होते.

पप्पा घरी आले आणि ड्रमचं पितळ घासत बसले. जेवताना सांगितलं मला. मी विचारलं, "काढू का ते गाणं?"

पप्पा म्हणाले, "माझं मी बघतो. तुझं तू बघ."

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. तुला सांगितलं की पप्पांसाठी केलं. पप्पांनी मला मोकळं सोडलं होतं, मंजिरी. मीच मोकळी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी विकास नगरात गेले. मास्टर टेप दिल्लीला कॉपी काढायला पाठवायची होती आणि ते काम माझ्याकडेच होतं. अंकलना म्हटलं, "पाँच नंबर निकाल दीजिए."

त्यांनी चष्मा काढला. "मंजरी को पता है?"

"हाँ."

"और रील में से भी?"

"हाँ, अंकल. मिटा दीजिए."

आंटी त्या दिवशी घरी नव्हत्या. असत्या तर कदाचित... नको. सारखं आंटी असत्या तर, पप्पा तसं म्हणाले नसते तर. मी होते ना तिथे.

ऑगस्टमध्ये कॅसेटचा खोका आला. फैज़ानने कव्हरवर स्वतःच्या हाताने नावं लिहिली होती, आठच्या आठ. वडिलांचा बोरू घेऊन बसला होता त्यासाठी. गॅरेजमध्ये आपण पहिली कॅसेट लावली. चौथं गाणं संपलं आणि लगेच सहावं सुरू झालं. तू पुन्हा मागे घेतलीस. पुन्हा. म्हणालीस, "दिल्लीवालों ने गड़बड़ कर दी." तू फोन करायला उठलीस. फैज़ान माझ्याकडे बघत होता. त्याला माझा चेहरा वाचता यायचा.

मी मराठीत म्हटलं, "मी काढायला सांगितलं."

"परत बोल."

"मी सांगितलं अंकलना. रीलमधूनही पुसलंय."

तू ओरडली नाहीस. तू ओरडशील याची तयारी करून आले होते मी. तू विचारलंस, "मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"पप्पांची बढती..."

"पप्पांचं नाव घेऊ नकोस. तू कर ना कबूल, तुला भीती वाटली. भीती वाटली म्हण, मी समजेन."

मी म्हटलं नाही. उलट म्हटलं, "तुझं काय जातंय बोलायला? तुझे बाबा सायंटिस्ट आहेत, त्यांना कोण हात लावणार? आम्ही फौजेतली माणसं. उद्या बदली झाली की सामान बांधून कुठे जायचं?" ते सगळंच खोटं नव्हतं. तुला भीती वाटत नव्हती कारण तुला कधी फार भ्यावं लागलं नव्हतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. या मुद्द्यावर मी अजून माघार घेतलेली नाही. पण तो मुद्दा मांडायची वेळ गाणं पुसायच्या आधीची होती. नंतर काढला, म्हणजे तो नुसता बहाणा.

फैज़ान उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो मराठीत बोलला. "आंटींना कोण सांगणार?"

कुणीच सांगितलं नाही.

कॅसेटी तशाच गेल्या, कव्हरवर आठ नावं आणि आत सात गाणी. हजरतगंजातल्या एका दुकानाने थोड्या ठेवल्या. कानपूरच्या तीन मुलींनी पत्र पाठवलं, की 'टेंपो में कोहनी' आम्ही टेम्पोतच मोठ्याने म्हणतो. आणि खाली लिहिलं होतं, पाचवं गाणं आमच्या कॅसेटमध्ये नाही, खराब कॉपी आली का? ते पत्र तू माझ्याकडे पाठवलंस. सोबत एक अक्षर नाही.

तू ते गाणं एकटी कॉलेजच्या गेटवर जाऊन म्हटलंस, असं नंतर ऐकलं. माइक नाही, गिटार नाही, ड्रम नाही. चौकीदाराने तुला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं. तू पलीकडून म्हटलंस. मी त्या दिवशी घरी होते आणि काही करत नव्हते.

पप्पांना बढती मिळाली नाहीच. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग तू दिल्लीला गेलीस. एकदाच भेटलीस, चारबाग स्टेशनवर. मी मावशीला सोडायला आले होते, तू गाडीतून उतरत होतीस, पाठीवर गिटार. दोघी थबकलो. तू विचारलंस, "ड्रम वाजवतेस अजून?"

"नाही."

"बरं केलंस."

आणि गेलीस. हे दोन शब्द मी किती वेळा उलटेसुलटे करून बघितले असतील! टोमणा होता? की कंटाळा? की तुला दुसरंच काही म्हणायचं होतं आणि हमाल ओरडत होते म्हणून राहिलं? मागे धावत यायला हवं होतं मी. तुझ्या दंडाला धरून सांगायला हवं होतं की हो, भीती वाटली, भीती वाटली, झालं समाधान? मी मावशीची ट्रंक उचलली.

आणि आता ही कावीळ. कावीळ, मंजिरी! पावसाळ्यात अर्ध्या उत्तर प्रदेशाला होते ती. पहिला आठवडा तू ऑफिसला जात राहिलीस म्हणे. तुझी रूममेट सांगत होती, "किसी को बताने नहीं देती थी." अकरा दिवस तू दवाखान्यात होतीस आणि कुणाला कळवू दिलं नाहीस. शेवटी आईबाबांना कळलं तेव्हा तुझी शुद्ध गेली होती. मी तुझ्यावर या एका गोष्टीसाठी जितकी चिडले आहे तितकी तू माझ्यावर गाण्यासाठीही चिडली नसशील. लखनौहून दिल्लीला गाडी किती तासांची आहे? मी आले असते. तू भिंतीकडे तोंड केलं असतंस, तरी बसले असते. मला ती संधी न देता जायचं, हा कुठला न्याय? चुकीला शिक्षा असते, मान्य. पण शिक्षा देणाऱ्याने समोर तरी यावं लागतं.

हे एवढं लिहून मी थांबणार होते. पण काल सकाळी दार वाजलं.

तेलीबागेत आमच्याकडे सहसा कुणी न कळवता येत नाही. दारात एक बाई, माझ्याच वयाची, सुती साडी, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. म्हणाली, "वैशाली जी? मंजरी की मम्मी ने पता दिया है. मैं बाराबंकी से आई हूँ."

मी तिला कधी पाहिलंच नव्हतं, मंजिरी. एवढं सगळं जिच्यावरून झालं, तिचा चेहरा मला माहीत नव्हता. पेपरात तुझा फोटो बघून ती पहिल्या बसने निघाली होती. तू वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसायचीस आणि तिच्या वेणीला पेन अडकवून ठेवायचीस, हे तिने सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "उनकी मम्मी कह रही थीं, मेरे ऊपर कोई गाना था."

मी सांगितलं. सगळं, वर लिहिलंय तसं. पप्पा काय म्हणाले तेही. अंकलशी बोललेलं खोटंही. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मला वाटलं आता ती रडेल किंवा मला बोलेल. ती म्हणाली, "मुझसे किसी ने पूछा था?"

मी चहा तिच्यापुढे सरकवला.

"लिखने से पहले? मिटाने से पहले?"

मंजिरी, याचं उत्तर तू तरी दिलं असतंस का? आपण दोघी त्या गाण्यावरून जन्माच्या तुटलो. ते ठेवायचं की काढायचं, धाडस कुणाचं आणि भीती कुणाची, यावर भांडलो. बाराबंकी तासाभराच्या अंतरावर आहे. आपल्यापैकी एकीलाही बसमध्ये बसावंसं वाटलं नाही.

ती म्हणाली, "सुनाइए."

मला गाता येत नाही. मी नुसतं म्हटलं, बोटांनी टेबलावर ठेका धरून. स्टाफरूम, दार, वही. ती खाली बघून ऐकत होती. 'समझे कि नहीं' आलं तेव्हा तिचा ओठ हलला. शेवटच्या कडव्यात तू लिहिलेली ती ओळ आली, 'रोती हुई वो गेट से निकली'.

"ग़लत है," ती म्हणाली.

"काय?" मी मराठीतच विचारलं.

"मैं रोई नहीं थी." ती शांतपणे सांगत होती, जणू कुठल्या अर्जातली चूक दुरुस्त करते आहे. "प्रिंसिपल मैडम ने माफ़ीनामा टाइप करवा के रखा था. बोलीं, साइन कर दो, बात यहीं ख़त्म. कॉलेज भी रहेगा, हॉस्टल भी. मैंने फाड़ के उन्हीं की मेज़ पर रख दिया. तभी तो नाम काटा. रो तो मेरे भैया रहे थे."

पप्पांचा तो साहेब, माझा तो 'हाँ, अंकल', सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. कुणीतरी सही मागितली होती आणि एकोणीस वर्षांच्या एका मुलीने दिली नव्हती. तुलाही हे माहीत नव्हतं. हॉस्टेलच्या मुलींनी तिला बोलण्यात रडवलं, तू तिला गाण्यात रडवलंस, मी तिला पुसून टाकलं. तू हे ऐकलं असतंस तर आधी स्वतःवर भयंकर चिडली असतीस आणि मग तिथल्या तिथे ती ओळ खोडली असतीस. ते बघायला मिळायला हवं होतं मला. दवाखान्याबद्दलच्या रागात हाही राग धर.

मी तिला म्हटलं, फैज़ान अजून चौकात आहे, अंकलचा स्टुडिओ चालू आहे, आंटी आहेत. गाणं पुन्हा करता येईल. तुम्ही सांगाल तसं. नको म्हणालात तर नाही. या वेळी विचारते आहे.

ती आधी स्वतःच्या घरचं सांगत राहिली. तिचा नवरा आहे, मुलगी आहे, बाराबंकीतच एका शाळेत ती शिकवते. चहा गार झाला. मी दुसरा करायला उठले तेव्हा तिने विचारलं, "उसमें मेरा नाम है?"

"नहीं. मंजिरी को लगा, आपको दिक़्क़त होगी."

"डालिए."

"सिर्फ़ नाम, या..."

"पूरा." मी कागद शोधून आणला, तोवर ती खुर्चीत सरळ होऊन बसली होती. तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. कुसुमलता वर्मा, बी.ए. द्वितीय वर्ष.